पॉवर बीआयचं डॅक्स: गट झकास पडतात, बेरीज मात्र सांभाळून

एक्सेलच्या पिव्होटवर वर्षानुवर्षं काढली, मग रिपोर्ट पॉवर बीआयमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, न्यायची वेळ आली आणि त्याच्या फॉर्म्युल्यांच्या भाषेशी, डॅक्सशी, गाठ पडली. नुसती कॅटेगरीनुसार विक्री हवी असेल तर फॉर्म्युल्याच्या नादी लागूच नका, टेबल व्हिज्युअलमध्ये (रिपोर्टमधल्या तक्त्यात) दोन फील्ड ओढली की झालं. खरी गरज पडते ती आधी गट पाडून त्यावर परत दुसरा हिशोब करायचा असतो तेव्हा, म्हणजे प्रत्येक बिलाची बेरीज आणि मग त्या बेरजांची सरासरी, कारण ओळींची सरासरी वेगळी आणि बिलांची वेगळी, एवढं डोक्यात शिरायलाच मला आठवडा गेला.

गट पाडणारं समराइझ हे फंक्शन दिसायला एकदम साधं. टेबल द्या, कॉलम द्या, त्यातली युनिक कॉम्बिनेशन्स हातात. पुढे नाव देऊन बेरजेचा कॉलमही त्यातच जोडता येतो, पण जाणकार म्हणतात तसं करू नका, कधीकधी भलतेच आकडे येतात, समराइझने फक्त गट पाडा आणि बेरजेसाठी बाहेरून नवे कॉलम जोडणारं अ‍ॅडकॉलम्स गुंडाळा. मी शहाण्यासारखं गुंडाळलं आणि बघतो तर प्रत्येक कॅटेगरीपुढे तोच आकडा, अख्ख्या टेबलाची बेरीज! डेटाच खराब असणार म्हणून दुपारभर सोर्स फाईल चाळत बसलो. चूक माझीच होती, बेरजेचं सम हे फंक्शन कॅल्क्युलेट या दुसऱ्या फंक्शनमध्ये टाकलंच नव्हतं. अ‍ॅडकॉलम्स ओळीओळीने फिरतं खरं, पण त्या ओळीचा फिल्टर लावायचं काम कॅल्क्युलेटचं. आधीच बनवलेलं मेझर, म्हणजे नाव देऊन साठवलेला हिशोब, वापरलं असतं तर वाचलो असतो, मेझरभोवती कॅल्क्युलेट आपोआप असतं.

गट आणि हिशोब एकत्रच करणारं समराइझकॉलम्स मला जास्त आवडलं, लिहायला आटोपशीर आणि व्हिज्युअल्सच्या क्वेरीही आतून यावरच चालतात. फक्त ज्या गटात सगळेच हिशोब ब्लँक येतात ती ओळ हे गाळून टाकतं, त्यामुळे विक्री न झालेले प्रॉडक्ट शोधत असाल तर ते इथे दिसणारच नाहीत. ग्रुपबाय आणि करंटग्रुप या फंक्शन्सची जोडी क्वचितच लागली, आधी काढलेल्या बेरजांवर दुसऱ्यांदा गट पाडायला ठीक आहे, आत कॅल्क्युलेट चालत नाही तेवढं लक्षात ठेवा.

आता एक गोष्ट कोणीतरी आधी सांगायला हवी होती. न्यू टेबल करून त्यात गट पाडले की ते टेबल स्लायसरने (रिपोर्टवरच्या फिल्टरने) वर्ष बदललं म्हणून परत मोजलं जात नाही, डेटा रिफ्रेश होतो तेव्हाच ते तयार होऊन मॉडेलमध्ये साठतं. स्लायसरप्रमाणे आकडे हलायला हवेत तर हा सगळा खटाटोप मेझरच्या आत करायचा. आणि टोटलची ओळ वरच्या ओळींची बेरीज असेलच असंही नाही, जानेवारीत 40 ग्राहक आणि फेब्रुवारीत 50 असले तरी टोटल 65 येऊ शकते कारण 25 जण दोन्हीकडे आहेत. साहेबांना हे समजावणं फॉर्म्युला लिहिण्यापेक्षा अवघड.

हल्ली मी आधी डॅक्स क्वेरी व्ह्यूमध्ये, म्हणजे फॉर्म्युला चालवून बघायच्या जागी, इव्हॅल्युएट लिहून टेबल डोळ्यांनी बघतो, मगच मेझरला हात लावतो. पाचपैकी चार स्टार, एक कापला कारण डेस्कटॉप अ‍ॅप फुकट असलं तरी फक्त विंडोजवर चालतं आणि घरी माझा मॅक आहे.