थरथरणारा आठ गिअरचा पिकअप आणि मोबिल १ एलव्ही एटीएफ एचपी: तेलाचे आणि ते बदलून देणाऱ्या सेवेचे परीक्षण

जनरल मोटर्सचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक पिकअप तुमच्याकडे असेल, किंवा अमेरिकेत तुम्ही तो जुना घेण्याच्या विचारात असाल, आणि गाडी १ मार्च २०१९ च्या आधी तयार झालेली असेल, तर मोबिल १ सिंथेटिक एलव्ही एटीएफ एचपी या लांबलचक नावाच्या, ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये भरायच्या तेलाशी (एटीएफ म्हणजे तेच) तुमचा संबंध आज ना उद्या येणारच. या तेलाबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एका बाजूला ते टाकले की गाडीच्या थरथरीचे सगळे दुखणे जाते असे सांगणारे आहेत, तर दुसऱ्या बाजूला कंपनीने वेळ मारून नेण्यासाठी काढलेली ही पळवाट आहे असे मानणारे आहेत. माझे मत आधीच सांगते: तेल खरोखर चांगले आहे आणि दुखण्याच्या मुळावर काम करते, पण ते वेळेत आणि पूर्णपणे बदलले तरच. अर्धेमुर्धे बदलून बिल हातात ठेवणाऱ्या सेवेची मी कोणालाही शिफारस करणार नाही.

कोणत्या गाड्यांचा हा प्रश्न आहे ते नीट समजून घ्यावे, कारण एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळे गिअरबॉक्स विकले गेले आहेत. शेवरोले सिल्व्हराडो १५०० आणि जीएमसी सिएरा १५०० यांना २०१५ साली आधी ६.२ लिटरच्या इंजिनाबरोबर ८एल९० हा गिअरबॉक्स मिळाला आणि पुढे ५.३ लिटरच्या काही गाड्यांतही तो आला. कोलोरॅडो आणि कॅन्यन या आकाराने लहान पिकअपमध्ये २०१७ पासून व्ही-६ इंजिनाला ८एल४५ हा त्याचा धाकटा भाऊ जोडला गेला. त्याच कोलोरॅडोचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि डिझेल इंजिन मात्र सहा गिअरच्या जुन्या गिअरबॉक्सवरच राहिले, त्यामुळे त्या गाड्यांच्या मालकांनी या परीक्षणातील तेल विकत घेण्याचे कारण नाही.

दुखण्याचे वर्णन कंपनीने आपल्या विक्रेत्यांना पाठवलेल्या तांत्रिक परिपत्रकातच नेमके केलेले आहे. साधारण ४८ ते १०४ किलोमीटर वेगाच्या दरम्यान अॅक्सिलरेटरवर हलकासा पाय असताना आणि गिअर बदलत नसताना गाडी थरथरते, आणि रस्त्यावरच्या रम्बल स्ट्रिपवरून, म्हणजे चालकाला सावध करणाऱ्या खडबडीत पट्ट्यांवरून, चाके जात असल्यासारखे वाटते. या वर्णनातील ‘गिअर बदलत नसताना’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. गिअर बदलताना बसणारा झटका, थांब्यावरून निघताना येणारा धक्का किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली ओढाताण हे वेगळे दुखणे आहे. अनेक मालक दोन्ही तक्रारी एकाच वाक्यात सांगतात, मेकॅनिकही त्या एकत्रच लिहून घेतो, आणि मग तेल बदलूनही झटके का गेले नाहीत म्हणून दोघेही निराश होतात.

थरथर नेमकी कुठे उपजते हे कळल्याशिवाय तेलाची किंमत योग्य की अयोग्य हे ठरवता येत नाही, म्हणून इथे थोडे थांबते. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनाबरोबर फिरणारा पंप तेल फेकतो, त्या तेलाच्या माऱ्याने समोरचा टर्बाइन फिरतो आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देऊन निघतानाचा जोर वाढवतो. तेलाच्या माध्यमातून होणारी ही जोडणी मऊ असली तरी तिच्यात शक्ती वाया जाते, कारण टर्बाइन पंपाच्या थोडा मागेच राहतो. म्हणून कन्व्हर्टरच्या आत एक लॉक-अप क्लच बसवलेला असतो, जो वेग स्थिर झाला की दोन्ही बाजू थेट जोडतो. कल्पना नवी नाही. पॅकार्डने १९४९ सालीच आपल्या अल्ट्रामॅटिकमध्ये असा थेट जोडणारा क्लच दिला होता. त्या काळी क्लच एकतर सुटलेला असे किंवा पूर्ण बसलेला असे. आजच्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी तो फार कमी वेगापासूनच लावला जातो, आणि इंजिनाची कंपने थेट प्रवाशांपर्यंत पोहोचू नयेत म्हणून तो पूर्ण न आवळता मुद्दाम मिनिटाला काही फेऱ्यांइतका घसरता ठेवला जातो. म्हणजे गाडी महामार्गावर निवांत चाललेली असताना कन्व्हर्टरच्या आत घर्षणाचे अस्तर एका पोलादी पृष्ठभागावर सतत, अगदी सावकाश घासत असते, आणि त्या दोहोंमध्ये जी तेलाची पातळ फिल्म असते तिच्यावर सगळे अवलंबून असते.

हे घसरणे सुरळीत राहायचे असेल तर घसरण्याचा वेग वाढला की घर्षणही किंचित वाढले पाहिजे. तेलातील खास रसायने हेच काम करतात. ती निकामी झाली की नाते उलटते: वेग कमी होताच पकड वाढते, पृष्ठभाग क्षणभर चिकटतात, ताण वाढला की सुटतात आणि पुन्हा चिकटतात. ओले बोट स्वच्छ काचेवर दाबून ओढले की ते जसे अडखळत, करकरत सरकते, तसाच हा प्रकार आहे, फक्त इथे तो सेकंदाला कित्येक वेळा घडतो आणि त्याचा हादरा प्रोपेलर शाफ्टमधून (गिअरबॉक्सची शक्ती चाकांकडे नेणाऱ्या दांड्यातून) सगळ्या गाडीभर पोहोचतो. या गिअरबॉक्समध्ये कारखान्यात भरलेले मूळ तेल हवेतील ओलावा शोषून घेत असे, असे निदान पुढे झाले. गिअरबॉक्स पूर्ण हवाबंद नसतो. तापल्यावर आणि निवल्यावर तो व्हेंटमधून, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून, श्वासोच्छ्वास करतो, आणि त्या हवेबरोबर आलेले थोडेसे पाणीही घर्षणाचा हा नाजूक तोल बिघडवायला पुरेसे होते.

यावरून आधीच्या दुरुस्त्या का फसल्या असाव्यात हेही उमगते. सुरुवातीच्या परिपत्रकांत तेल बदलणे आणि प्रसंगी टॉर्क कन्व्हर्टरच बदलणे हे उपाय सांगितले होते, परंतु नव्याने भरले जाणारे तेल त्याच जातीचे असे. नवा कोरा कन्व्हर्टर बसवून त्यात ओलावा ओढणारे तेल पुन्हा भरायचे, यात पैसा कोणाचाही जावो, दुखणे परतण्याची वाट मोकळीच राहत होती. मोबिल १ एलव्ही एटीएफ एचपी आल्यावर पहिल्यांदा कारणावर उपचार झाला, आणि म्हणूनच मी या तेलाला पळवाट म्हणायला तयार नाही. त्याची धाटणी पातळ तेलाची आहे, आठ गिअरच्या या गिअरबॉक्सला लागणारी घर्षणाची गुणवत्ता त्यात आहे आणि ओलाव्यापुढे ते मूळ तेलापेक्षा अधिक टिकते. तेल म्हणून त्याच्यात मला खोट काढता येत नाही.

खोट निघते ती सेवेत. गिअरबॉक्सच्या तळाचे पॅन काढून जे तेल बाहेर येते ते एकूण तेलाच्या निम्मेही नसते. बरेचसे कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांमध्ये अडकून राहते. पॅनमधले तेवढे तेल काढून तितकेच नवे ओतले तर आत ओलावलेले जुने तेल आणि नवे तेल यांचे मिश्रण तयार होते, आणि ज्या गुणासाठी जास्तीचे पैसे मोजले तोच गुण पातळ होतो. कंपनीची पद्धत म्हणूनच यंत्राने तेलाची अदलाबदल करण्याची आहे, आणि त्यासाठी सुमारे वीस क्वार्ट, म्हणजे एकोणीस लिटरच्या आसपास नवे तेल आतून खेळवले जाते. ज्या गॅरेजच्या अंदाजपत्रकात पाच-सहा क्वार्ट तेल लिहिलेले असेल ते गॅरेज स्वस्त पडत नाही. ते वेगळेच काम विकत असते. यंत्र नसलेल्या गॅरेजमध्ये तेल काढणे, भरणे, गाडी चालवून आणणे आणि पुन्हा काढणे असे तीन वेळा करतात. वेळ आणि तेल दोन्ही जास्त लागतात, पण मनापासून केले तर निकाल स्वीकारण्याजोगा असतो.

मिशिगनमध्ये आमच्या भागातील एका स्वतंत्र गॅरेजची पद्धत मला विशेष आवडते, कारण तिथे तेलाच्या बाटल्या उघडण्याआधी संगणक जोडून गाडी रस्त्यावर नेतात आणि लॉक-अप क्लचचे घसरणे किती आहे, थरथरीच्या क्षणी तो आकडा वरखाली नाचतो का, हे ग्राहकाला पडद्यावर दाखवतात. काम झाल्यावर तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावर, बाजूच्या प्लगमधून तपासली जाते. या गिअरबॉक्सला जुन्या गाड्यांसारखी डिपस्टिक नसल्याने पातळी चुकली तर मालकाला ती कळण्याचा मार्गच नसतो, आणि कमी भरलेले तेल नव्या दुखण्यांना निमंत्रण देते. बिलावर तेलाचे पूर्ण नाव, क्वार्टची संख्या आणि गाडीचे मैल लिहून देण्याची त्यांची सवय तर प्रत्येक गॅरेजने उचलावी अशी आहे, कारण पुढच्या खरेदीदाराला तोच एक भरवशाचा पुरावा असतो.

बदलानंतर लगेच निकाल दिसला नाही तर घाबरू नये. नवे तेल घर्षणाच्या अस्तरात मुरायला वेळ लागतो, आणि त्यासाठी दोनशे मैलांपर्यंत गाडी चालवावी लागू शकते. त्यानंतरही थरथर तशीच राहिली तर मात्र दुसऱ्यांदा तेल बदलण्याचा सल्ला मी मानणार नाही. दीर्घकाळ चिकटत-सुटत राहिलेल्या क्लचचे अस्तर गुळगुळीत, करपलेले किंवा झिजलेले असते, आणि कोणतेही तेल ते परत आणू शकत नाही. तिथे कन्व्हर्टर बदलणे हाच मार्ग उरतो. ते काम मोठे आहे, कारण गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. म्हणून थरथर जाणवू लागल्यावर ‘गाडी चालते आहे ना’ म्हणत वर्ष काढणे सगळ्यांत महाग पडते.

गिअर बदलतानाच्या झटक्यांवर हे तेल औषध नाही, हे पुन्हा आणि स्पष्ट सांगायला हवे. अमेरिकेतील मालकांनी जनरल मोटर्सविरुद्ध केलेल्या स्पीअरली दाव्यातही थरथर आणि झटके या दोन्ही तक्रारी होत्या. मिशिगनच्या पूर्व जिल्हा न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये २६ राज्यांतील सुमारे आठ लाख गाड्यांच्या मालकांना सामूहिक दाव्याची मान्यता दिली. अपील न्यायालयाच्या छोट्या पीठाने ती ऑगस्ट २०२४ मध्ये कायम केली, पण जून २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ती रद्द करून प्रकरण परत पाठवले. मालकासाठी याचा व्यावहारिक अर्थ इतकाच की दुरुस्तीचा खर्च न्यायालयाच्या भरवशावर पुढे ढकलू नये.

जुना पिकअप पाहायला जाल तेव्हा निव्वळ गल्लीत फेरी मारून परतू नका. गिअरबॉक्स पुरता तापेपर्यंत गाडी चालवा, मग सपाट किंवा किंचित चढाच्या रस्त्यावर सत्तर-ऐंशी किलोमीटरचा वेग धरून अॅक्सिलरेटर अगदी हलका दाबा. थरथर आली तर मागे वाहने नाहीत याची खात्री करून, अॅक्सिलरेटर तसाच ठेवून, डाव्या पायाने ब्रेकला निसटता स्पर्श करा. ब्रेकचा संकेत मिळताच लॉक-अप क्लच सुटतो. त्याच क्षणी थरथर थांबली आणि पाय काढल्यावर परतली, तर संशय कन्व्हर्टरवर पक्का होतो. ती तशीच चालू राहिली तर चाकांचा तोल, प्रोपेलर शाफ्ट, किंवा व्ही-८ असेल तर निम्मे सिलिंडर बंद ठेवून चालण्याच्या व्यवस्थेतून येणारी गुणगुण यांकडे पाहावे लागते. एखादा सिलिंडर मधूनच पेटत नसेल तरी जवळपास अशीच जाणीव होते, आणि अशा गाडीत वीस क्वार्ट महागडे तेल खेळवून काहीच साधत नाही.

देखभालीचा भाग थोडक्यात. या गिअरबॉक्सचे तेल गाडीच्या आयुष्यभर चालते असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. ट्रेलर ओढणे, डोंगराळ रस्ते किंवा उन्हाळ्यातील शहरी कोंडी अशा खडतर वापरासाठी कंपनीच्या वेळापत्रकातच ४५,००० मैलांना तेल बदलायला सांगितले आहे, आणि पिकअप विकत घेणारा माणूस बहुधा याच कामांसाठी तो घेतो.

तेल खरेदी करताना बाटलीवरील नाव अक्षर न् अक्षर वाचावे. सहा गिअरच्या गाड्यांना लागणारे डेक्सरॉन-६ आणि दहा गिअरच्या गाड्यांना लागणारे डेक्सरॉन यूएलव्ही ही दोन्ही तेले दुकानात याच फळीवर, याच्या शेजारीच ठेवलेली असतात, आणि दोन्ही इथे चालत नाहीत. महाराष्ट्रात टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉसची ऑटोमॅटिक आवृत्ती चालवणाऱ्या वाचकांनी नातेवाइकांकडून अमेरिकेतून हे तेल मागवू नये. त्यांचे गिअरबॉक्स वेगळे आहेत, उदाहरणार्थ हायलक्सला टोयोटाचे डब्ल्यूएस तेल लागते, आणि त्यांना हलक्या पायाची अशी थरथर जाणवली तर आधी ब्रेकची वर सांगितलेली चाचणी करून, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलेच तेल पूर्ण बदलून घ्यावे.