जाहिरात एजन्सीला पैसे देण्याआधी जाहिरातींचं खातं कोणाच्या नावावर उघडणार ते विचारा

सांगलीत मी आणि माझ्या जाऊबाई कांदा-लसूण चटणीचा व्यवसाय करतो. आमच्याकडे घरोघरी वर्षाची चटणी मार्च ते मे या दिवसांत होते, त्यामुळे आमची बरीचशी विक्रीही तेव्हाचीच. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या सांगली-कोल्हापूरकरांपर्यंत पोचावं, म्हणून हंगामाच्या तोंडावर आम्ही एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीला काम दिलं. त्यांनी सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले आणि जाहिरात केलीच नाही. असेच फोन आता इचलकरंजी-जयसिंगपूरकडच्या ओळखीच्या बायकांनाही येऊ लागलेत, म्हणून सगळं लिहिते आहे.

"मॅडम, गुगलवर पहिल्या नंबरला आणून देतो, लेखी गॅरंटी," असं बोलणं होतं. पत्रावर गुगलचा आणि फेसबुकचा लोगो. शोधात पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलनंच स्पष्ट लिहून ठेवलंय. गुगल मॅपवर दुकानाची नोंद करण्याचे त्यांनी वेगळे पैसे लावले होते. ती नोंद फुकट असते. कोटेशनमध्ये मात्र जाहिरातीवर किती खर्च होणार आणि एजन्सीची फी किती, हे कुठेच वेगळं नव्हतं. सगळं मिळून एकच रक्कम.

दर महिन्याला रंगीत रिपोर्ट यायचा. रीच, म्हणजे जाहिरात किती जणांना दिसली तो आकडा, लाखांत. सोबत 'इच्छुक ग्राहकां'च्या फोन नंबरांची यादी. जाऊबाई दुपारी कामं आटोपून एकेक नंबर लावायच्या. कुणी म्हणायचं राँग नंबर, कुणी विचारायचं, नोकरी आहे का? चटणी कुणालाच नको होती. एजन्सीला विचारलं की "ब्रँड तयार व्हायला वेळ लागतो, मॅडम." आणि इकडे हंगाम सरत होता, कुटून ठेवलेला माल पडून होता.

उघडकीला आलं ते माझ्या पुतण्यामुळे. फेसबुक-इन्स्टाग्रामवर सध्या चालू असलेल्या जाहिराती कोणालाही बघता येतात, त्यासाठी मेटाची, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीची, अ‍ॅड लायब्ररी आहे. देश निवडायचा, पेजचं नाव टाकायचं, बस. लॉगिनसुद्धा लागत नाही. त्यानं आमचं नाव टाकलं. एकही जाहिरात नाही. आपल्यासारख्यांच्या बंद झालेल्या जाहिराती तिथे दिसत नाहीत, म्हणून पुढचे काही दिवस तो रोज बघून स्क्रीनशॉट काढत राहिला. त्याच तारखांना जोरात जाहिरात चालू होती, असं नंतरच्या रिपोर्टात छापलेलं होतं! गुगलचंही असंच अ‍ॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर आहे, तिथेही काही नव्हतं.

जाहिरातींच्या खात्याचं, म्हणजे जिथून जाहिरात लावतात आणि तिचा खर्च दिसतो त्याचं, लॉगिन मागितलं, तर "कंपनीच्या पॉलिसीत बसत नाही" असं उत्तर आलं. मग फोन बंद. मॅपवरची नोंद आणि इन्स्टाग्रामचं पेज, दोन्ही त्यांच्याच ईमेलवर. गुगलकडे मालकी मागण्याचा अर्ज करता येतो, त्यातून नोंद परत मिळाली. पेज गेलं ते गेलंच. बायकांनी आपल्या स्वयंपाकघरातून पाठवलेले फोटो, त्यांनी लिहिलेले चार चांगले शब्द, सगळं त्याच्यासोबत गेलं. पैशांइतकंच मला त्याचं वाईट वाटतं.

सगळ्या एजन्स्या अशा नसतात, हेही मला तितकंच ठामपणे सांगायचंय. सासरे दुकान चालवायचे तेव्हा पेपरात जाहिरात देणारे एक एजंट काका होते. मान्यताप्राप्त एजन्सीला वर्तमानपत्राकडूनच साधारण १५ टक्के कमिशन मिळायचं. काका मजकूर नीट करून द्यायचे, कुठल्या वारी कुठल्या पानावर द्यायची ते सांगायचे आणि बिलासोबत छापून आलेला अंक जोडायचे. छापून आलं याचा पुरावा हातात. इंटरनेटवर तो पुरावा म्हणजे तुमच्या स्वतःच्या नावावरचं जाहिरातींचं खातं.

आत्ताची एजन्सी आम्ही कोल्हापूरच्या एका लोणचेवाल्यांकडून शोधली. त्यांची जाहिरात आम्हालाच दिसायची, म्हणून थेट त्यांना फोन केला. त्या एजन्सीच्या जुन्या ग्राहकांशी बोललो, त्यात काम सोडून गेलेल्या एकालाही विचारलं. खातं आमच्या ईमेलवर आहे, त्यांना फक्त काम करण्यापुरता प्रवेश दिलाय. जाहिरातीचे पैसे आमच्या कार्डावरून थेट गुगल आणि मेटाला जातात. फीचं बिल वेगळं, त्यावर १८ टक्के जीएसटी. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, दिवसाला किती किलो निघते, कुरिअर किती पडतं, एकदा नेलेलं गिऱ्हाईक परत कधी येतं. मग म्हणाले, अख्खा महाराष्ट्र नको, आधी पुण्यातले तीन-चार भाग घेऊ. आता रोज येणाऱ्या ऑर्डरी पाहून वाटतं, एजन्सीचं खरं काम हे आहे.

फसवणाऱ्या एजन्सीच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला, तर तो रद्द झालेला निघाला. हे दोन मिनिटांचं काम आहे, पैसे देण्याआधी करा. पोलिसांत तक्रार दिली आहे. ग्राहक कायदा व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेला लागू नाही असं काहीजण सांगतात, पण २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना सवलत आहे; सेवेला ती मिळेलच असं नाही. आमच्या वकिलांनी त्याच आधारावर नोटीस पाठवली आहे. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील आणि माणूस गायब असेल, तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. आणि ज्यांचा असा व्यवहार सध्या चालू आहे, त्यांनी आजच अ‍ॅड लायब्ररीत आपल्या पेजचं नाव टाकून बघा. चालू असायला हवी ती जाहिरात दिसली नाही, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि पुढचा हप्ता थांबवा.