फोटोरेक + पिकार्ड: उडालेली गाणी परत मिळवली, काही महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, फोटोरेक म्हणजे डिलीट झालेल्या फाइली शोधून काढणारा प्रोग्राम, तो गाणी परत आणतो, लायब्ररी (म्हणजे नावं, फोल्डर, प्लेलिस्टी) परत आणत नाही. हा फरक चालणार असेल तरच नादाला लागा.

झालं काय, मी वापरायचो त्या प्लेअरचं नवीन व्हर्जन आलं आणि त्यानं फोल्डर नीट लावायच्या नावाखाली डी ड्राइव्हवरची जवळजवळ सगळी गाणी उडवली, रिसायकल बिनमध्ये पण काय नाही. (अपडेटनं फाइली खाणं नवीन नाही म्हणा, 2018 च्या ऑक्टोबरात विंडोज 10 चं 1809 अपडेट मायक्रोसॉफ्टला ह्याच कारणानं मधेच थांबवावं लागलेलं.) सिनेमाच्या गाण्यांचं काय वाटलं नाही, ती कुठंही मिळतात. पण आप्पांनी सांगली आणि धारवाड आकाशवाणीवरनं टेप केलेलं गाणं, येळ्ळूरकडच्या भजनाच्या कॅसेटी, हे सगळं त्यातच होतं आणि मूळ कॅसेटी बुरशीनं कधीच गेलेल्या.

बेळगावात एका रिपेरीवाल्याला विचारलं, त्यानं डिस्क बघायच्या आधीच भाव सांगितला. मग काय, फोटोरेक. नाव फोटोचं असलं तरी 480 च्या वर प्रकारच्या फाइली शोधतं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. दिसायला मात्र काळी स्क्रीन आणि सगळं कीबोर्डवर, माउसवाल्यांसाठी क्यूफोटोरेक आहे ते घ्या. फाइलींच्या यादीत एमपी3 लगेच सापडतं पण वेव्ह (.wav, न दाबलेला ऑडिओ) शोधत बसाल तर मिळायचं नाही, ते रिफ नावाखाली आहे, आणि एम4ए हा दुसरा ऑडिओचा प्रकार मोव्हमध्ये. आप्पांच्या कॅसेटी वेव्हमध्येच होत्या त्यामुळे पहिल्या स्कॅनला त्यातलं एक पण आलं नाही, जीव असा खाली गेला की विचारू नका.

मिळालेल्या फाइली त्याच ड्राइव्हवर टाकायच्या नाहीत, दुसरी डिस्क लावायची. कारण डिलीट झालेलं गाणं हार्ड डिस्कवर तसंच पडलेलं असतं, फक्त ती जागा रिकामी म्हणून धरलेली असते, त्यावर दुसरं काय लिहिलं गेलं की संपलं. एसएसडी असेल तर आशा जवळजवळ सोडा, ट्रिम (डिलीट झालेली जागा डिस्कला कळवायची सोय) चालू असलं की ती आतल्या आत साफ करून टाकते. माझी जुनी फिरणारी हार्ड डिस्क होती म्हणून वाचलो.

स्कॅन रात्रभर चाललं. सकाळी बघतो तर रिकप-डिर, त्यापुढं नंबर, असे फोल्डर, प्रत्येकात पाचशे-पाचशे फाइली आणि नावं म्हणजे एफ आणि लांबलचक आकडा. फोटोरेक फाइलीचा आतला आकार ओळखून उचलतं, नाव-फोल्डर त्याला माहीतच नसतं. डिस्कवर तुकड्यातुकड्यात पडलेली गाणी मधेच तुटली, एका नाट्यगीताच्या पोटात डायरेक्ट डीजेचं गाणं घुसलंय.

मग पिकार्ड. हा प्रोग्राम गाण्याच्या आवाजाचा ठसा काढून म्युझिकब्रेन्झ ह्या इंटरनेटवरच्या गाण्यांच्या माहितीच्या साठ्याशी जुळवतो आणि नाव लावून देतो. बाजारात आलेल्या रेकॉर्डी पटापट ओळखल्या. कुमार गंधर्व आमच्या सुळेभावीचे, त्यांचं बरंचसं बसल्या जागी लागलं, फक्त अल्बम कधी कधी भलताच, म्हणून नीट जुळल्याचा हिरवा चौकोन दिसला तरी लगेच सेव्ह करू नका.

भजनांचं काय करणार, ती कुठल्याच साठ्यात नाहीत. तिथं आप्पाच बसले. हेडफोन नको म्हणाले, स्पीकरवर लाव. एक फाइल लावली, सुरुवातीला हार्मोनियम बरोबर आणि पुढं पुढं सगळं चिरकं आणि घाईत.

"सेल उतरलेले रे टेपचे," आप्पा लगेच. "टेप हळू फिरत होती तेव्हा, म्हणून आता पळतंय. काकडआरती ही, शेवटच्या दिवशीची. थांब, आता दासरपद येतंय बघ."

आणि आलं की, अभंगाला लागून कन्नड पद, आमच्याकडं भजनात हे चालतंच. पुढचे कित्येक रविवार असेच गेले, ते सांगायचे मी टाइप करायचो. पखवाजावरनं माणूस ओळखायचे, वर त्या माणसाची उधारी पण सांगायचे.

नावं एमपी3टॅग नावाच्या प्रोग्राममध्ये भरली, वेव्ह आधी फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता दाबलेला प्रकार) करून घेतले म्हणजे टॅग, म्हणजे फाइलीच्या आत लिहिलेली नाव-गायक वगैरे माहिती, नीट बसतात. आता फाइलीचं नाव गेलं तरी टॅग आतच राहतो, परत फोटोरेक चालवायची वेळ आलीच तर आप्पांना एवढं बसवायला नको. कारमध्ये ऐकायला एमपी3 काढल्या त्यांना आयडी3 (एमपी3 च्या टॅगची पद्धत) चं 2.3 व्हर्जन आणि अक्षरांसाठी यूटीएफ-16 ठेवलंय, मराठी दिसतं, कन्नडच्या जागी अजून चौकोन येतात, स्टिरिओत फॉन्टच नसावा.

प्लेलिस्टी आणि कुठलं गाणं किती वेळा ऐकलं ते मात्र गेलं ते गेलंच. पैसे घेणारे रिकव्हरीवाले प्रोग्राम एक-दोन ट्रायलवर बघितले, स्क्रीन देखणी, सापडलेलं ह्यापेक्षा जास्त काय नव्हतं. फोटोरेकला पाचपैकी चार, एक त्या रिफसाठी कापला.