विद्यापीठ प्रशासनाचा प्रशिक्षणक्रम: तिसऱ्या आठवड्यापासून पुढे पाहावा

सार्वजनिक विद्यापीठांतील विभागप्रमुख व अधिष्ठाते यांच्यासाठी आखलेला सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन प्रशिक्षणक्रम मी नुकताच पूर्ण केला. विभागप्रमुखपद बहुधा ज्येष्ठतेने किंवा पाळीने वाट्याला येते आणि ते सांभाळायचे कसे हे कोणी शिकवत नाही, म्हणून मी नाव नोंदवले होते.

पहिले दोन आठवडे वाया गेले. दूरदृष्टी, प्रेरणा आणि संघभावना यांवरच्या त्या व्याख्यानांत विद्यापीठाऐवजी कारखाना म्हटले असते, तरी काही बिघडले नसते.

तिसऱ्या आठवड्यात मात्र मूळ प्रश्नाला हात घातला गेला: निर्णय कोणाचा आणि जबाबदारी कोणाची? डेन्मार्कने २००३ च्या कायद्याने कुलगुरूंची निवडणूक बंद करून त्यांची नेमणूक बाहेरच्या सदस्यांचे बहुमत असलेल्या मंडळाकडे सोपवली. जपानने २००४ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठांना स्वतंत्र निगमांचा दर्जा दिला, पण पुढे त्यांच्या सरकारी अनुदानाला कात्री लागत गेली. स्वायत्तता कागदावर किती आणि तिजोरीत किती, हे या दोन उदाहरणांवरून नेमके उमगले.

सर्वांत उपयुक्त ठरली ती अभिरूप, म्हणजे सरावासाठी घेतलेली लुटुपुटीची बैठक. विद्यार्थीसंख्या घटलेला विभाग बंद करावा का, हा विषय होता आणि कुलसचिवाची भूमिका माझ्याकडे होती. शैक्षणिक बाबी पाहणारी विद्या परिषद म्हणाली, प्रश्न आर्थिक आहे. पैसा व कारभार पाहणारी व्यवस्थापन परिषद म्हणाली, शैक्षणिक आहे. दीड तासाने मी इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा होऊन विषय मान्य’ असे लिहिले, तेव्हा मार्गदर्शकांनी शांतपणे विचारले, की मान्य कोणी केला, कोणत्या अधिकारात, आणि ज्या सदस्याने विरोध केला त्याची नोंद कुठे आहे. वर्षानुवर्षे अशीच इतिवृत्ते मी डोळे झाकून कायम करत आलो होतो.

उणीवही मोठी आहे. अर्थसंकल्पाला जेमतेम एक व्याख्यान मिळाले आणि प्रभारी पदांचा तर उल्लेखच नाही. कुलगुरूच प्रभारी असले की भरती, पदोन्नती आणि नवे अभ्यासक्रम या साऱ्या नस्ती ‘नियमित नियुक्तीनंतर सादर करावे’ या शेऱ्याखाली पडून राहतात, हे विभागात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. याविषयी विचारले असता नऊ दिवसांनी उत्तर आले, की ही बाब प्रत्येक संस्थेनुसार वेगळी असते. प्रमाणपत्र मात्र वेळेवर मिळाले. त्यावर प्रभारी संचालकांची सही आहे.