टर्की आणलीच आहे, तर छाती तव्यावर टाकायची की खिमा करायचा?

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला तिघांनी विचारला, आणि तिघांनीही पक्षी कापून घरी आणल्यावर विचारला. आधी विचारला असता तर निदान कापणाऱ्याला काय सांगायचं ते तरी ठरवता आलं असतं. त्यामुळे ज्यांनी अजून आणलेली नाही, पण मोहोळकडच्या किंवा दक्षिण सोलापुरातल्या एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला शब्द देऊन बसले आहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितो.

टर्की कशी असते, कोंबडीपेक्षा किती मोठी, हे सांगत बसत नाही. चव कशी, याचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर गावरान कोंबडीसारखीच दणकट, पण तिचा तो उग्र वास कमी. नावाची गंमत मात्र सांगतो. पक्षी मूळचा मेक्सिको-अमेरिकेकडचा. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं आणि तुर्कस्तानात त्याला म्हणतात 'हिंदी', म्हणजे हिंदुस्थानातला! आमच्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आपलाच की."

आता मुद्द्याचं. आमच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. त्याला अर्ध्या-पाऊण तासाच्या वर वेळ द्यायची माझी तयारी नसते. टर्की या वेळेत बसवायची तर माझ्या मते दोनच वाटा आहेत. एक, छातीचं बोनलेस काढून, पातळ काप करून तव्यावर भाजायचं. दुसरी, खिमा. तिसरी वाट तंगडीची, पण ती मी रविवारसाठी राखून ठेवली आहे, कारण तंगडीत दाभणासारख्या कडक शिरा असतात. वयात आलेल्या टर्कीच्या या शिरा खरोखरच हाडासारख्या होतात. कुकरात कितीही शिट्ट्या दिल्या तरी विरघळत नाहीत. रस्सा सुरेख होतो, पण जेवताना दर दोन घासांनी तोंडातून एक सुई काढावी लागते. रविवारी दुपारी गप्पा मारत ते चालतं. मंगळवारी रात्री नाही.

छातीबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ती त्या लायकीची आहे. पहिल्यांदा आणली तेव्हा मी छातीच्याच प्रेमात होतो. सकाळी नुसतं मीठ चोळून डबा फ्रिजमध्ये ठेवायचा. संध्याकाळी मासाच्या रेषेला आडवे, बोटाच्या पेरापेक्षा थोडे पातळ काप करायचे. आलं-लसूण, चमचाभर दही, काळं तिखट. बिडाचा तवा चांगला तापला की एका बाजूने तीन-चार मिनिटं, दुसऱ्या बाजूने जरा कमी. पुस्तकी हिशोब आत 74 अंश सेल्सिअसचा आहे, पण आमच्या घरातला एकमेव थर्मामीटर औषधांच्या डब्यात असतो आणि तो मी तव्यापाशी आणणार नाही. जाड काप मधोमध चिरून बघायचा. आत गुलाबी नको आणि दाबल्यावर सुटणारा रस पांढुरका हवा, एवढंच मी बघतो. कडेला काळं तिखट किंचित करपून जो वास सुटतो, त्याला तोड नाही. तवा ठेवल्यापासून ताट वाढेपर्यंत पंधरा मिनिटं. खिम्याला इतक्या कमी वेळात कधीच जमत नाही.

इथे एक सावधगिरी. परदेशी पाककृतींत जी छाती दिसते ती रुंद छातीसाठी मुद्दाम पैदास केलेल्या जातींची असते. आपल्याकडे शेतावर मोकळा हिंडणारा पक्षी बऱ्याचदा सडपातळ असतो. त्याची छाती पातळ असल्यामुळे त्या पाककृतींतले वेळ जसेच्या तसे घेतले तर हमखास जास्त शिजतं. मी निम्म्या वेळानंतर बघायला लागतो.

मग अडलं कुठे?

आमच्या घरी रात्रीचं जेवण एकदा होत नाही, तीनदा होतं. अप्पा गिरणीत होते. गिरणी बंद पडून पंचवीस वर्षं उलटून गेली, पण त्यांच्या पोटातला भोंगा साडेसातला वाजतोच. मुलगा क्लासहून साडेआठच्या पुढे येतो. बायको औषधांच्या दुकानात कामाला आहे, शटर ओढून विजापूर रोडवरून घरी पोचायला तिला पावणेदहा होतात. सोलापुरात असं घर फक्त आमचंच असेल असं वाटत नाही.

पहिल्या दिवशी सगळी छाती सव्वासातला भाजून काढली. अप्पांनी दोन काप खाल्ले आणि "मऊ आहे" म्हणाले. अप्पांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे मानपत्रच. साडेआठला त्याच तव्यावर गरम करून मुलाला वाढलं. त्याने एक घास चावला, चावत राहिला, आणि "पप्पा, पाणी" म्हणाला. पावणेदहाला बायकोपुढे ताट ठेवलं. ती काहीही बोलली नाही. एक काप अर्धा खाल्ला, मग शेंगाचटणीची बरणी पुढे ओढली, तीत दही कालवलं आणि बाकीची भाकरी त्याच्याशी संपवली. उरलेला दीड काप ताटाच्या कडेला व्यवस्थित सरकवून ठेवलेला होता. भांडण झालं असतं तर बरं, असं मला त्या क्षणी वाटलं.

कारण साधं आहे. टर्की दिवसभर चालते, उडते क्वचित. पाय राबतात, म्हणून पायाच्या मासात रंग असतो, थोडी चरबी असते, आणि शिजल्यावर विरघळून रस धरून ठेवणारा चिकट भाग असतो. छातीत हे फारसं काहीच नाही. ती शिजायच्या त्या दोन मिनिटांत उतरली तर लोण्यासारखी. दुसऱ्यांदा आच लागली की कापूस. कापडाच्या गावात राहतो म्हणून सांगतो, मी त्या रात्री चादरीचं टोक चावल्यासारखा तो उरलेला दीड काप चावला.

मग उपाय सुरू झाले. कांदा-टोमॅटोच्या ग्रेव्हीत सोडून बघितली. ग्रेव्ही ओली, आतला तुकडा कोरडाच, वर कडेचा तो करपलेला खमंगपणाही गेला. मुलाचं आणि बायकोचं मुद्दाम थोडं कमी भाजून ठेवायचं, नंतर पुरं करायचं, असंही मनात आलं. पण अर्धकच्चं मांस दोन तास ओट्यावर ठेवणं बरोबर नाही, तेही आमच्या उन्हाळ्यात. शेवटी एकच रास्त तोडगा उरला. काप मसाला लावून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि जो येईल त्याच्यापुरते ताजे भाजायचे.

हा तोडगा चालला. खरंच चालला, प्रत्येकाला मऊ मिळालं. फक्त मी सव्वासात ते पावणेदहा ओट्याशी. तीनदा तवा तापवायचा, तीनदा धूर, तीनदा एग्झॉस्ट. बिडाचा तवा गार व्हायच्या आत पुढचा माणूस दारात. मे महिन्यात बाहेरचं तापमान दुपारी 43 वर गेलेलं, रात्री नऊलाही भिंती तापलेल्याच. त्या स्वयंपाकघरात तिसऱ्यांदा तव्यासमोर उभं राहिल्यावर मला हसू आलं. पंधरा मिनिटांचा पदार्थ म्हणून निवडला होता, त्याने अडीच तास खाल्ले होते. छातीची चव कुठेच कमी पडली नाही. ती वाट बघत नाही, एवढाच तिचा दोष, आणि आमचं घर वाट बघायला लावणारं आहे.

खिमा वाट बघतो. उलट थांबलेला जास्त चांगला लागतो.

माझी पद्धत सांगतो, तुमची वेगळी असेल. मांडीचं मांस दोन भाग, छातीचं एक भाग, आणि थोडी कातडीची चरबी त्यातच टाकून घ्यायची. ती नसेल तर खिमा रव्यासारखा सुटा सुटा होतो. अर्धा किलोला लोखंडी कढईत तेल जरा सढळ, दोन कांदे लाल होईपर्यंत, आलं-लसूण, मग खिमा. इथे घाई करायची नाही. आधी पाणी सुटतं आणि सगळं राखाडी, निरुत्साही दिसतं. ते पाणी आटेपर्यंत मोठ्या आचेवर हलवत राहायचं. मग कढईचा आवाज बदलतो. आधीची बुडबुड थांबून तडतड सुरू होते. ती ऐकू आली की दीड चमचा काळं तिखट, मीठ, अर्धी वाटी गरम पाणी, झाकण, मंद आच, दहा-बारा मिनिटं. शेवटी चमचाभर दाण्याचं कूट. ते आधी टाकलं तर तळाला धरतं, हे मी दोनदा करून शिकलो. कांदा चिरण्यापासून धरलं तर पस्तीस-चाळीस मिनिटं. त्यानंतर कढई तशीच झाकून ठेवायची. अप्पांनी साडेसातला घेतलं, मुलाने येऊन दोन चमचे पाण्याचा हबका मारून गरम केलं, बायकोनेही तेच. मी तोवर टीव्हीसमोर. दाण्यादाण्याला मसाला आणि तेल लागलेलं असतं, त्यामुळे पुन्हा गरम केल्याने बिघडायला फारसं काही उरत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीची गरम भाकरी असेल तर ठीकच. नसेल तर कडक भाकरी चुरून त्यावर खिमा घालायचा, हे मुलाचं संशोधन.

भांड्यांचा हिशोबही धरा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, ज्यांच्याकडे येत नाही त्यांना कळेल. खिम्याला एक कढई. तीन पाळ्यांच्या छातीला तवा, मसाल्याचा डबा, चिमटा, आणि तव्यावरचा तो घट्ट बसलेला थर तीनदा खरवडणं.

खिम्याच्या खोडीही सांगायला हव्यात. पहिली म्हणजे तो दिसायला कुठलाही खिमा दिसतो. आमच्या एका पाहुण्याने पोटभर खाऊन "चिकन छान झालंय" म्हटलं, आणि एवढे सायास करून आणलेल्या पक्ष्याचं नाव सांगायला मलाच संकोच वाटला. पाहुण्यांवर छाप पाडायची असेल, सगळे एका पंगतीला बसणार असतील, तर छातीच भाजा, ताटात ती राजासारखी दिसते. व्यायाम करणारी पोरंही छातीच मागतात, त्यांना तेल नको असतं.

दुसरी खोड जास्त गंभीर. खिमा लवकर बिघडतो, कारण बारीक केल्यावर हवा आणि हात सगळीकडे लागलेले असतात. आणला त्याच दिवशी करायचा किंवा लगेच फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधला काढला की आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवायचा, ओट्यावर नाही. अर्ध्या किलोची पाकिटं हाताने दाबून भाकरीएवढी चपटी केली तर रात्रभरात आरामात सुटतात. गोळा करून ठेवलेलं पाकीट सकाळी बाहेरून मऊ आणि आत दगड.

तिसरी, खिमा करणारा. मी एकदा मशीनवर करून आणला तर त्याला बोकडाच्या चरबीचा वास. आधीचा माल काढून मशीन धुतलंच नव्हतं. तेव्हापासून सत्तूरने ठोकळ्यावर ठोकून घेतो. दाणा जाड राहतो आणि चवीला मला तोच बरा वाटतो. थांबावं मात्र लागतं, आणि श्रावण संपल्यावरच्या पहिल्या रविवारी हे सांगायला जाऊ नका, कोणी दाद देणार नाही.

तेव्हा कापणाऱ्याला आधीच सांगा: मांड्या सोडवून खिम्याला, तंगड्या अख्ख्या वेगळ्या, छातीचा एक भाग खिम्यात आणि एक भाग बोनलेस ठेवा. म्हणजे दोन्ही करून बघता येईल आणि माझ्या शब्दावर विसंबायचं कारण नाही. तुमच्या घरी सगळे आठला एकत्र जेवत असतील तर तुमचा निकाल माझ्यापेक्षा वेगळा लागेल, शक्य आहे.

आमच्या फ्रीझरमध्ये मागच्या पक्ष्याची चार पाकिटं खिम्याची आणि एक छातीचं ठेवलं होतं. खिम्याची दोन संपली, तिसरं आज रात्री खालच्या कप्प्यात उतरेल. छातीच्या पाकिटावर बर्फाचा थर चढलाय, आणि बायकोने परवा त्याच्यावर मटारची पिशवी ठेवली.