केडगावचं पंडिता रमाबाई मुक्ती मिशन: नक्की जा, पण थोडं वाचून जा

पुणे-दौंड लाइनवर केडगाव स्टेशन लागतं, तिथेच पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभं केलेलं हे मिशन आहे (नगरजवळचं केडगाव वेगळं, मॅपवर टाकताना दौंड तालुका बघून घ्या). माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार. का ते सांगते, जरा लांब होईल.

शाळेच्या पुस्तकातल्या रमाबाई म्हणजे संस्कृतच्या पंडिता, विधवांचं शिक्षण आणि शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठी काढलेली निवासी शाळा. 1889 ला मुंबईत सदन निघालं, मग ते पुण्याला हललं, सुरुवातीच्या विद्यार्थिनींमधल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या, इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यानंतर जवळपास पंचवीस वर्षं बाईंनी केडगावला काढली आणि तिथे उपासना, सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश सांगणं), शेती, शाळा, अनाथाश्रम सगळं एकाच आवारात चालायचं, हे सांगायला लोक अडखळतात. समाजसुधारक रमाबाई आपल्या आणि ख्रिस्ती रमाबाई दुसऱ्या कुणाच्या तरी, अशी वाटणीच करून टाकलीय. मला याचं खरंच वाईट वाटतं. ज्या बाई पहाटे उठून प्रार्थना करायच्या त्याच बाई दुष्काळात मुली शोधत फिरल्या, आणि स्वतः विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं की प्रार्थनेमुळेच फिरले.

1896-97 चा दुष्काळ. बाईंनी स्वतःच्या लहानपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेली, उपाशी पोटी पायी वणवण केलेली, त्यामुळे त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, एवढ्या जणींना ठेवणार कुठे, म्हणून केडगावला शेतीसाठी घेतलेल्या जमिनीवर आधी तात्पुरता निवारा आणि मग हळूहळू इमारती. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या 2000 च्या घरात गेली. एवढ्या जणींना नुसतं जेवायला घालून भागणार नव्हतं म्हणून विणकाम, शिवण, दूधदुभतं, तेलघाणा, छपाई सगळं शिकवलं, अंध मुलींना ब्रेल शिकवलं, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळं काढलं. तेव्हा अशा बायकांना दारात कोण उभं करत होतं सांगा.

वादाचंही लिहिते, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही. 1893 मध्ये शारदा सदनातल्या मुलींना ख्रिस्ती केलं जातंय म्हणून केसरीने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंचं म्हणणं होतं की मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करते, कुणाला बसायचं असेल तर मी हाकलणार नाही. विश्वासून मुलगी ठेवलेल्या पालकांचा राग मला समजतो. पण ज्या बाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्येच इंग्लंडात झालेला आणि ही गोष्ट सगळ्या पुण्याला माहीत होती त्यांनी स्वतःच्या खोलीचं दार लावून घ्यावं ही अपेक्षा मला तरी पटत नाही. आणि बाई कुणाच्या ताटाखालचं मांजर नव्हत्याच, इंग्लंडमधल्या सिस्टर लोकांशीसुद्धा त्यांनी पत्रांतून सडकून वाद घातलेत.

आता माझ्या सगळ्यात आवडीचं. 1905 च्या सुरुवातीला बाईंनी रोज प्रार्थनेला कोण येणार म्हणून विचारलं, सत्तरेक जणी उभ्या राहिल्या, जूनपर्यंत रोज प्रार्थनेला साडेपाचशे जणी जमायला लागल्या आणि मग जे संजीवन झालं, म्हणजे श्रद्धेला जी नव्याने जाग आली (इंग्रजीत रिव्हायव्हल), त्याची बातमी जगभर गेली. बाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्यावर छोटी पुस्तिका लिहिली, ती त्यांनी दक्षिण अमेरिकेत चिलीला असलेल्या मैत्रिणीला पाठवली, आणि 1909 मध्ये तिथे जी पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी ख्रिस्ती) चळवळ उभी राहिली तिचा इतिहास सांगताना केडगावचं नाव घ्यावंच लागतं. दौंड तालुक्यातलं गाव, दुष्काळातून वाचलेल्या मुली, आणि परिणाम पार चिलीत! आपल्याकडे किती जणांना हे ठाऊक आहे?

शिवाय बायबल. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, शेतातल्या बाईला वाचून कळावं म्हणून, आणि त्याची छपाई मिशनच्याच प्रेसमध्ये तिथल्या बायका-मुलींनी केली. कन्या मनोरमा 1921 मध्ये गेल्या, त्यांनी गुलबर्ग्याची शाळा सांभाळली होती आणि आईनंतर त्याच सगळं बघणार होत्या. तरी बाईंनी काम सोडलं नाही, प्रुफं संपवली आणि 5 एप्रिल 1922 ला गेल्या. पूर्ण बायबल 1924 मध्ये छापून झालं.

भेटीचं सांगायचं तर आवार मोठं आणि झाडांचं, चर्च भलंमोठं, चालायची तयारी ठेवा. अनाथ मुली, निराधार आणि अंध बायका आजही इथे राहतात, शाळा आणि दवाखाना चालू आहे, म्हणजे हे त्यांचं घर आहे हे लक्षात ठेवून जा. मुलींचे फोटो काढत बसू नका, कुणाला तू इथे कशी आलीस असलं विचारू नका. मदत करायची असेल तर जुने कपडे गाठोडं बांधून नेऊन टाकण्यापेक्षा आधी ऑफिसात विचारा नक्की काय लागतंय. ग्रुप घेऊन जाणार असाल किंवा रविवारी उपासनेला बसायचं असेल तर फोन करूनच निघा.