व्हॅन, सी-क्लास की ए-क्लास: कोणतं मोटरहोम घ्यावं?

मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, बघायला गेलात की विक्रेता आधी बेड दाखवतो. तुम्ही आधी वजनाचे कागद मागा. परवानगी असलेल्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की जे उरतं, त्यात माणसं, पाणी, गॅस, सायकली सगळं बसवायचं असतं. युरोपातली बहुतेक मोटरहोम ३,५०० किलोच्या आत बसवलेली असतात, कारण कारचं साधं लायसन्स बराच काळ तिथवरच चालत आलंय. चार मोठी माणसं म्हणजे साधारण ३०० किलो, १०० लिटर पाणी म्हणजे आणखी १०० किलो. सहा बेड असलेल्या गाडीत सहा जणांचं सामान बसेलच असं नाही.

दोघं असाल आणि रोज मुक्काम हलवणार असाल, तर माझं मत सरळ व्हॅनला. फियाट ड्युकाटो या मालवाहू व्हॅनवर बांधलेली ५.९९ मीटरची व्हॅन गल्लीबोळातून निघते आणि कारसारखीच चालते. तिच्या भिंती बऱ्यापैकी सरळ असल्याने मागचा बेड आडवा, म्हणजे गाडीच्या रुंदीत बसतो. पण सहा फुटांहून उंच असाल तर शोरूममध्ये बूट काढून त्या बेडवर खरंच आडवे व्हा, लाजू नका. डोकं किंवा टाच भिंतीला टेकली, तर ६.३६ मीटरची आणि गाडीच्या लांबीत बेड असलेली व्हॅन बघा. बाथरूम मात्र एवढंसं, शॉवर आणि टॉयलेट एकाच खोक्यात. आंघोळ झाली की सगळं पुसून काढायचं, आणि टॉयलेट पेपर आधीच बाहेर ठेवायचा.

वर उघडणाऱ्या छपराची छोटी व्हॅन रोजच्या वापरालाही चालते. छत बंद असताना फोक्सवॅगन कॅलिफोर्नियाची उंची दोन मीटरच्या आत राहते, म्हणून ती बऱ्याच बंदिस्त पार्किंगमध्ये शिरते. थंडीत मात्र उघडलेल्या छपराच्या कापडी भिंतींचा काही उपयोग नाही.

मुलं असतील तर सी-क्लास, म्हणजे व्हॅनची पुढची केबिन तशीच ठेवून मागे घर बांधलेली गाडी. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फुगवट्यात बेड असलेला प्रकार घ्या. मुलांना ती वरची जागा हवीच असते, आणि दिवसा बेड आवरायची कटकट नाही. मात्र उंची तीन मीटरच्या आसपास जाते, समोरून वारा लागतो, इंधन जास्त जातं. जुनी घेताना त्या पुढच्या फुगवट्याचे आतले कोपरे अंगठ्याने दाबून बघा. पाणी बहुतेक तिथल्याच सांध्यातून झिरपतं. भिंत मऊ लागली तर किंमत कितीही उतरवली तरी परत फिरा. फुगवटा नसलेला बुटका सी-क्लास दोघांना पुरतो, आरामातही व्हॅनच्या वरचढ.

ए-क्लास म्हणजे पुढच्या केबिनसकट सगळी बॉडी वेगळी बांधलेली, बससारखी गाडी. तिची समोरची काच भव्य, आतली जागा ऐसपैस. ती काच फुटली की खर्चही भव्य. अमेरिकेत या गाड्या ४५ फुटांपर्यंत जातात. तेवढं घर दुधाची पिशवी आणायला कोण हलवणार? म्हणून बरेच जण मागे छोटी कार जोडून नेतात. महिनाभर एकाच जागी राहणाऱ्याला हे जमतं.